इस्त्रीवाल्याच्या बायकोचा कान

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही गरीब दिसत नाही." आता बोला. म्हणजे नुसतं गरीब असून भागत नाही, दिसावंही लागतं? अहो, माझा धंदा इस्त्रीचा. नाक्यावर टपरी, टपरीच्या मागे एक खोली, खोलीत आम्ही. शर्ट माझ्याकडे दोनच आहेत, पण दोन्हींची घडी अशी की कॉलरवर बोट फिरवलं तर कापेल. चुरगळलेला शर्ट घालून इस्त्रीवाला फिरायला लागला तर गिऱ्हाईक येईल का? टकला माणूस केसांचं तेल विकायला बसल्यासारखं व्हायचं. पण हे सरकारी कचेरीच्या खिडकीतल्या बाईंना कसं सांगणार? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कडक कॉलर पाहिली, पँटीची धार पाहिली, आणि मान हलवली. संपलं. एका इस्त्रीनं माझी गरिबी पार सपाट करून टाकली.

तर तुम्हाला सांगतो, हे सगळं सुरू झालं बायकोच्या कानापासून. नऊ वर्षांपूर्वी तिला एक ताप आला, ताप उतरला आणि जाताना कान घेऊन गेला. एकदम नाही, हळूहळू. आधी म्हणायची, तुम्ही पुटपुटता. मग म्हणायला लागली, सगळी गल्ली पुटपुटते. मग म्हणायचीच बंद झाली. तेव्हापासून मी ओरडून बोलतो. "मीठ दे" म्हटलं की चार घरं लांबून मीठ येतं. आमच्या घरातलं भांडण, प्रेम, पोटदुखी, सगळं गल्लीच्या कानावर, एक तिचा कान सोडून. पण बाईमाणूस हुशार. ओठ वाचायला शिकली. कोणी शिकवलं नाही हो, आपली आपण. मी वळून बोललो तर खांदा धरून फिरवते, "तोंड दाखवा." छत्तीस गिऱ्हाइकांचे कपडे आणि कुठला कोणाचा हे बटणावरून ओळखते. मी तर नुसता बघत राहतो.

मग अडलं कुठे? अडलं नातीशी. आमची लेक बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला. जावई ट्रकवर, पंधरा पंधरा दिवस घरी नाही. लेकीला मुलगी झाली, सात महिन्यांची झाली, तेव्हा लेक कामावर परत जायला लागली आणि चिमणी आमच्याकडे. आम्ही तिला चिमणीच म्हणतो. सकाळी लेक यायची, चिमणीला पाळण्यात ठेवायची, आईचा हात पाळण्याच्या कडेला लावून द्यायची आणि जायची. तो हात त्यासाठीच. पाळणा हलला की समजायचं, पोर उठलं. चांगली युक्ती होती. महिनाभर चालली.

एके दिवशी मी कपडे पोचवायला गेलो होतो. ही चादरी घडी करत बसली. आता मोठी चादर घडी करायला दोन हात लागतात की नाही? हात सुटला पाळण्याचा. पाठ पाळण्याकडे. आणि चिमणी रडली. किती वेळ रडली देव जाणे. शेजारची शिवणवाली मशीन थांबवून धावत आली तेव्हा पोरीचा पाय पाळण्याच्या दोरीत अडकलेला, तोंड काळंनिळं, आवाज बसलेला, आणि ही तीन हातांच्या अंतरावर शांतपणे चादरीला चादर जुळवतेय.

पाय सुटला. पोर वाचली. संध्याकाळी लेक आली, शिवणवालीनं तिला सांगितलं. लेकीनं आईकडे पाठ केली. चिमणीला उचललं, पायावर फुंकर घातली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, कारखान्याचं काम सोडलं. आता घर कशावर चालवायचं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "बघू, बाबा." आणि हिनं ते दोन शब्द लांबून, लेकीच्या ओठांवरून वाचले. त्या दिवसापासून हिनं चादरी घडी करणं सोडलं. गिऱ्हाईक चादर घेऊन आलं की उठून आत जायची. तिला ऐकू येत नव्हतं हो. कळत सगळं होतं.

मग मी गेलो कानाच्या यंत्राच्या दुकानात. काचेचं दार, थंडगार हवा, काउंटरवर वालाच्या दाण्याएवढं यंत्र. म्हटलं, एवढंसं तर आहे. किंमत विचारली. त्यांनी सांगितली. माझ्याच कानठळ्या बसल्या. तरी एकदा वाटलं, आकडा उलटा सांगितला असेल, म्हणून परत विचारलं. तेवढीच.

तेव्हा शिवणवाली म्हणाली, "भाऊ, सरकारची योजना आहे. गरिबाला कान फुकट मिळतो." मी म्हटलं, अगं, सरकारला माझा पत्ता माहीत नाही, हिचा कान कुठून माहीत असणार? ती म्हणाली, "तुम्ही जाऊन सांगा ना. घरबसल्या सरकार नाही येत." म्हणून आम्ही दोघं गेलो. ती खिडकी. ती रांग. दीडशे माणसं, एक पंखा, तोही खडखडणारा. खिडकीला जाड काच, काचेला खाली कागद सरकवायपुरती फट. बाई आतून बोलतात, इकडे काही येत नाही. बाहेरचा म्हणतो, "काय?" बाई परत बोलतात. बाहेरचा म्हणतो, "आं?" बाई वैतागतात, हात झटकतात, पुढचा. तो बिचारा रांगेतून बाहेर, कशासाठी हाकललं हेही त्याला कळत नाही. सकाळपासून असेच वीस गेले. सगळे चांगले ऐकू येणारे.

आणि आमची ही, दहाव्या नंबरवरून, सहज सांगते, "त्या म्हणतायत, मागच्या पानावर सही राहिली."

मी म्हटलं, काय?

"त्या म्हणतायत, सही राहिली. आणि त्या आजोबांना म्हणतायत, फोटो नवीन आणा, यात तुमच्या मिशा वेगळ्या आहेत."

तुम्हाला सांगतो, अख्खी रांग हिच्याकडे बघायला लागली. मग एकानं वळून विचारलं, ताई, मला काय म्हणाल्या? ही म्हणाली, "जन्मतारीख चुकली तुमची." मग दुसरा, मग तिसरा. जिला घरातला पाळणा ऐकू येत नाही, ती काचेपलीकडचं सरकार सगळ्या रांगेला वाचून दाखवतेय. हिच्याभोवती घोळका. रांग भराभर सरकायला लागली. मी नुसता बघत राहिलो. अभिमानानं छाती इतकी फुगली की शर्टाची घडी मोडली.

पण अभिमान नडतो. आमचा नंबर आला. बाईंनी अर्ज वाचला, हिच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं. मला ढिम्म कळलं नाही. ही चटकन म्हणाली, "अठ्ठेचाळीस." बाईंनी आणखी विचारलं. ही म्हणाली, "नऊ वर्षांपासून." बाईंचं पेन थांबलं. बाईंनी फटीला तोंड लावलं आणि मला म्हणाल्या, "हिला तर तुमच्यापेक्षा चांगलं ऐकू येतं. आणि तुम्ही गरीबही दिसत नाही." आणि अर्जावर लाल शाईत लिहिलं, "अर्जदारास ऐकू येते. चौकशी व्हावी." अहो, काय सांगायचं तुम्हाला? जे काम बायको नऊ वर्षं रक्त आटवून शिकली, तेच तिच्याविरुद्ध पुरावा.

मी वाद घालणार, तर हिनंच मला बाजूला ओढलं. म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. मी तिथे असते तर मीही तेच लिहिलं असतं." बघा, स्वभाव. म्हणाली, दवाखान्यात तपासतील, मग आहे ते आहे.

दवाखान्यात एक छोटी खोली, जाड गादीच्या भिंती. हिच्या कानावर डबे लावले, हातात बटण दिलं. तपासणारा म्हणाला, "आवाज आला की दाबा." हिनं त्याच्याकडे पाहत दोनदा बरोबर दाबलं. तो चमकला. मग त्याच्या लक्षात आलं की आवाज सोडताना त्याची भुवई वर जाते आणि ही भुवई वाचतेय. त्यानं हिची खुर्ची भिंतीकडे फिरवली. मी दारातल्या काचेतून पाहत होतो. तुम्हाला सांगतो, तपासणाऱ्याच्या यंत्रातून ते आवाज मला बाहेर ऐकू येत होते. टूं. टूं. मग मोठा टूं. आणि तिचं बोट बटणावर, ताठ, तयार. इतकं तयार बोट मी कधी पाहिलं नाही. टूं. बोट तसंच. त्यानं आवाज वाढवला, मलाच दचकायला झालं. बोट तसंच. पंधरा मिनिटं ती अशी बसली, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी, आणि प्रश्नपत्रिका तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. नऊ वर्षं मी ओरडत होतो. मला वाटत होतं, थोडं तरी जात असेल. काही जात नव्हतं. ती माझं तोंड बघून हो म्हणत होती.

कानाचा दाखला मिळाला; तपासणारा म्हणाला, अगदी थोडं शिल्लक आहे, यंत्रानं येईल ऐकू. आता राहिली गरिबी. तिची चौकशी घरी येणार. आली. चौकशीचे साहेब आले ते भर दुपारी, अंगानं भरलेले, घामानं निथळलेले, हातात फाईल. आणि साहेब टपरीत शिरले तेव्हा तारेवर टांगलेलं काय होतं? चार सूट, रेशमी साड्या, एका वकिलाचा काळा कोट आणि नवरदेवाचा जरीचा अंगरखा. साहेब म्हणाले, "हे तुमचे?" मी म्हटलं, साहेब, माझे असते तर मी तुमच्या खिडकीत आलो असतो का? "मग कोणाचे?" गिऱ्हाइकांचे. "पुरावा?" आता वकिलाच्या कोटाचा पुरावा मी काय देणार? मी म्हटलं, साहेब, घालून दाखवतो, माझ्यासारखे दोन बसतील त्यात. साहेबांनी खरंच मला कोट घालायला लावला. मी वकिलाच्या कोटात, बाह्या गुडघ्यापर्यंत. साहेबांनी लिहिलं, "कोट अर्जदाराच्या पतीचा नाही." एवढं बारीक लिहितात हो. मला तर कमाल वाटली.

मग साहेब आत आले. खोली पाहिली. एक खाट, एक ट्रंक, भिंतीशी सरकवलेला रिकामा पाळणा. साहेबांना खात्री पटेना. बायकोकडे पाहत म्हणाले, "ऐकू येत नाही म्हणता, आणि मघापासून उत्तरं देतायत." तेवढ्यात लेक आली, चिमणीला घेऊन. आठवड्यानं आली होती, आईला भेटायला. तिनं चिमणीला पाळण्यात ठेवलं आणि बाहेर पाणी प्यायला गेली. ही साहेबांच्या समोर, पाठ पाळण्याकडे. आणि चिमणी रडायला लागली.

कोणी काही ठरवलं नव्हतं. पोरच ते, रडलं. जोरात, टाहो फोडून. मी उठणार, साहेबांनी हात वर केला, थांबा. आणि ते हिच्या तोंडाकडे बघत राहिले. हिच्या चेहऱ्यावर काही नाही. साहेबांकडे बघून ती नम्रपणे हसतेय, पाहुणे आलेत, चहा विचारावा का, असं. मागे नात रडून लाल होतेय. लेक धावत आत आली, पोरीला उचललं, तेव्हा कुठे ही वळली. वळली, पोरीचे डोळे पाहिले, साहेबांकडे पाहिलं, आणि तिला कळलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

साहेबांनी फाईल मिटली. मग पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, "बाईंना सांगा, मी वाईट हेतूनं थांबवलं नाही. मला लिहायला लागतं, पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही." मी म्हटलं, तुम्हीच सांगा, तोंड दाखवून. ते उठले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, आणि सावकाश, एकेक शब्द वेगळा करून तेच बोलले. तिनं मान हलवली. मग त्यांच्या चुरगळलेल्या शर्टाकडे बघून म्हणाली, "काढा तो. दोन मिनिटांत होईल." आणि साहेब आमच्या खाटेवर बनियनवर बसले, फाईल मांडीवर घेऊन. तुम्हाला सांगतो, बनियनवर सरकार अगदी आपल्यासारखंच दिसतं. जाताना इस्त्रीचे पैसे दिले आणि पावती मागितली. म्हणाले, नाहीतर उद्या मीच चौकशीत येईन.

त्यानंतर चार महिने काही नाही. मी म्हणायचो, गेली फाईल. ही म्हणायची, येईल. आणि आलं. पत्र आलं, सरकारी, आत हिचं नाव, माझं नाव, पत्ता बरोबर, टपरीचं वर्णनसुद्धा बरोबर. शाळेच्या हॉलमध्ये शिबिर. पन्नास खुर्च्या, खुर्च्यांवर सगळे बहिरे, हॉलमध्ये हा गोंधळ. का, तर प्रत्येकाबरोबर माझ्यासारखा एकेक ओरडणारा.

पांढऱ्या कोटातली एक मुलगी आली, आमच्या लेकीएवढी. हिच्यासमोर गुडघ्यावर बसली. अहो, सरकारी माणूस, आमच्यासमोर, गुडघ्यावर. तिनं गुलाबी लगदा मळला, कणकेसारखा, आणि हिच्या कानात अलगद भरला. म्हणाली, "मावशी, पाच मिनिटं हलू नका. कानाचा साचा घेतेय. प्रत्येकाचा कान वेगळा असतो." पाच मिनिटांनी तिनं तो काढला आणि माझ्या हातावर ठेवला. गुलाबी, वळणावळणाचा, आत एक खोल बोगदा. माझ्या बायकोच्या कानाचा आतला भाग. सत्तावीस वर्षांचा संसार, आणि मी तो कान कधी नीट पाहिला नव्हता. मग तिनं तो एका डबीत ठेवला, डबीवर हिचं नाव, नंबर, आणि डबी खोक्यात, खोक्यात पन्नास डब्या, पन्नास गरिबांचे पन्नास कान. एवढं मोठं सरकार, आणि एवढासा कान, आणि त्याच्यासाठी कोणीतरी कुठेतरी बसून साचा ओतणार, घासणार, हा हिचाच आहे ना, म्हणून बघणार. मी रांगेत उभा राहून सहा महिने ज्यांना शिव्या दिल्या, त्यांच्यात हाही एक माणूस होता.  मी नुसता त्या डबीकडे बघत राहिलो.

महिन्यानं यंत्र बसवलं. त्याच मुलीनं बसवलं, मागचं छोटं चाक फिरवलं. म्हणाली, "मावशी?"

ही दचकली. मग डोळे मोठे करून इकडेतिकडे बघायला लागली. खुर्ची सरकली, बघितलं. कोणी खोकलं, बघितलं. स्वतःची चप्पल फरशीवर घासून पाहिली, परत घासली. मग माझ्याकडे बघितलं. मुलगी मला म्हणाली, "बोला ना." आता काय बोलणार? नऊ वर्षं ओरडून ओरडून माझ्या जिभेला हळू बोलायची सवय राहिलेली नाही. शेवटी म्हटलं, "येतं का ऐकू?"

तिनं मान तिरकी केली. मग म्हणाली, "तुमचा आवाज म्हातारा झाला हो."

बस. एवढंच. मी खिडकीकडे जाऊन उभा राहिलो. बाहेर काय होतं ते मला आठवत नाही.

घरी आलो. लेक चिमणीला घेऊन दारात. चिमणीला बहुतेक ते कानातलं यंत्र आवडलं नाही, आजीला बघून तिनं भोकाड पसरलं. लेक तिला उगी करायला गेली, तर हिनं हात धरला. म्हणाली, "थांब. रडू दे जरा." आणि पाळण्याजवळ खाली बसली, डोळे मिटून. नातीचा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता ना. पोर रडतेय, आजी ऐकतेय, लेक दाराला टेकून रडतेय. मग ही हसली आणि म्हणाली, "हिचा आवाज तुझ्यावर गेलाय. तू पण अशीच शेवटी उचकी द्यायचीस." आणि मग उचललं तिला. दुसऱ्या आठवड्यात लेक परत कारखान्यात. हिनं परत चादरी घडी करायला घेतल्या, आणि गरम इस्त्रीखाली पाण्याचा चर्र आवाज झाला की मधेच थांबून ऐकत उभी राहते. कपडा जळतो, पण मी बोलत नाही.

तर झालं सगळं चांगलं, मग मी तक्रार कसली करतोय, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. रांगेतल्या लोकांनी हिला ओळखलं होतं ना? ते घर शोधत आले. ताई, माझा अर्ज बघा. ताई, खिडकीत चला. शिवणवालीचं गुडघ्याचं ऑपरेशन, हिनं करून घेतलं. त्या मिशावाल्या आजोबांची पेन्शन, हिनं सुरू केली. चौकशीच्या साहेबांना आता हीच सांगते, दुपारी येऊ नका, सकाळी या, लोक घरी असतात. खिडकीतल्या बाईही आता काच सरकवून विचारतात, "त्या इस्त्रीवाल्या ताई आल्या का?" सकाळी डबा घेऊन निघते ती संध्याकाळी उगवते. गल्लीतला एकेक माणूस तिनं कुठल्या ना कुठल्या योजनेत बसवला. इकडे मी एकटा, समोर कपड्यांचा ढीग, मागे चिमणी. परवा धीर करून म्हटलं, अगं, सगळ्यांना बसवलंस, मलाही कुठेतरी बसव की.

हिनं यंत्र नीट लावलं, पूर्ण ऐकून घेतलं, आणि पिशवी खांद्याला अडकवत म्हणाली, "तुम्ही पाळण्याजवळ बसा."